चौकोनी घरं, गोल झोपड्या

आमच्या बीडकडच्या जुन्या खेड्यांत गावाच्या मातीला दोन नावं आहेत. शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. माळवदाच्या घरावर पावसाळ्याआधी माती टाकायची, तर ती पांढरीच हवी, कारण काळी माती भेगाळते, पाणी आत सोडते. ही पांढरी माती आणायची कुठून? गढीच्या ढासळलेल्या भिंतीतून, नाहीतर गावाबाहेरच्या टेकाडातून, जिथे म्हणे कधीकाळी गाव होतं. टेकाडाला कुदळ लावली की मातीबरोबर खापरं निघत, राख निघे, क्वचित एखादं हाड. बायका खापरं बाजूला फेकत आणि माती पाटीत भरत.

त्या टेकाडाला पुरातत्त्वज्ञही पांढरीचं टेकाडच म्हणतो. तिथे माती पांढरी का, याचं उत्तर त्याच्या विद्येचा पहिला धडा आहे. माणसं एका जागी शेकडो वर्षं राहिली की चुलीची राख, जनावरांचं शेण, पडलेल्या भिंतींची माती, कुजलेलं छप्पर आणि हाडं यांचे थर साचत जातात. राखेनं आणि चुन्यानं मातीचा रंग उतरतो. जमीन हात दोन हातांनी, कधी कधी पुरुषभर वर येते. वरचा थर नवा, खालचा जुना. पाटी घेऊन गेलेली बाई आणि खुरपी घेऊन बसलेला संशोधक एकाच गोष्टीला हात घालत असतात. तिला माती हवी असते, तर त्याला मातीतला क्रम हवा असतो.

आता नकाशा थोडा डोळ्यांसमोर आणा. बीड जिल्ह्याची उत्तरेची हद्द म्हणजे गोदावरी. गेवराई, माजलगाव, परळी या तालुक्यांच्या कडेनं ती वाहते. पाटोद्याच्या डोंगरात उगम पावलेली सिंदफणा मांजरथला तिला मिळते. गेवराईच्या वर, नदीच्या पलीकडच्या तीरावर, पैठण तालुक्यात आपेगाव आहे. ज्ञानेश्वरांच्या पूर्वजांचं गाव म्हणून ते सगळ्यांना माहीत असतं. त्याच आपेगावात डेक्कन कॉलेजच्या शां. भा. देव, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी 1970च्या दशकात उत्खनन केलं, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. ज्ञानेश्वरांच्याही दोन-अडीच हजार वर्षं आधी तिथे शेतकरी राहत होते. आणखी वर गेलं की प्रवरासंगम, मग नेवासा, आणि प्रवरेच्या काठानं जाऊ लागलं की दायमाबाद, जोर्वे.

जोर्वे हे संगमनेरजवळचं लहानसं गाव. 1950–51 साली ह. धी. सांकलिया आणि देव यांनी तिथे खणलं. लाल, चकाकी नसलेली, काळ्या रंगानं रेघा काढलेली, घट्ट भाजलेली भांडी निघाली. पोटाशी कोन असलेली वाडगी होती, नळीसारखी तोटी असलेले तांबे होते. याच घडणीची भांडी पुढे महाराष्ट्रात दोनशेहून अधिक ठिकाणी सापडली. म्हणून या लोकांच्या संस्कृतीला नाव मिळालं जोर्वे. त्यांच्या राजाचं नाव आपल्याला माहीत नाही, भाषाही माहीत नाही. उरलं ते भांड्यांचं गाव. मला हे आवडतं. ज्यांनी एक अक्षरही लिहिलं नाही त्यांना कुंभाराच्या चाकानं ओळख दिली.

नदीखोऱ्यातली संस्कृती म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांसमोर मोहेंजोदडो येतं. विटांचे रस्ते, गटारं, मुद्रा. आपल्या खोऱ्यांत तसं काही नव्हतं, आणि ते शोधत बसणं हा या लोकांवर अन्यायच. एक दुवा मात्र आहे, दायमाबादचा. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी हे टेकाड 1958 साली बी. पी. बोपर्डीकरांनी शोधलं. पुढे म. न. देशपांडे, शि. रं. राव आणि शां. आ. साळी यांनी ते वेगवेगळ्या वेळी खणलं. तिथे उत्तर-हडप्पा काळाचा थर निघाला. सिंधू लिपीची अक्षरं असलेल्या दोन मुद्रा आणि काही खापरं मिळाली. 1974 साली तिथल्या एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाचं खोड खणताना चार धातूशिल्पं सापडली: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ. रथात माणूस उभा आहे, बैलांच्या मानेवर जू आहे. रथाची लांबी सुमारे 45 सेंटिमीटर आणि चारही शिल्पांचं मिळून वजन साठ किलोंच्या वर. ती नेमकी कोणत्या काळातली, यावर अजून वाद आहे. उत्खननाच्या थरात ती मिळाली नाहीत, आणि धातूत आर्सेनिकचं प्रमाण हडप्पाच्या धातूकामापेक्षा वेगळं आहे. वस्तू जागेवरून उचलली की तिचा अर्धा अर्थ जागेवरच राहतो, याचं याहून महाग उदाहरण महाराष्ट्रात नसेल.

रथ पाहून डोळे दिपतात. पण या लोकांचं रोजचं जगणं कळतं ते दुसऱ्या एका गावातून.

ते गाव इनामगाव. शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. त्याचं पाणी गोदावरीत जात नाही, भीमेत जातं. पण बीडच्या माणसानं परकं मानू नये, कारण आष्टी तालुक्याचं पाणीही सीनेतून भीमेलाच मिळतं, आणि दोन्हीकडे पाऊस सारखाच रुसलेला असतो. 1968 ते 1983 या काळात डेक्कन कॉलेजनं इथे बारा हंगाम उत्खनन केलं. सांकलिया, अन्सारी आणि ढवळीकर हे त्यातले मुख्य. भारतात तोवर पुष्कळसं उत्खनन उभ्या खड्ड्यांचं असे. टेकाडात विहिरीसारखं खाली जायचं आणि थर मोजायचे. त्यातून कधी काय झालं ते कळतं, पण घराशेजारी घर कसं होतं ते कळत नाही. इनामगावला आडवं खणलं गेलं. एका काळाची वस्ती चादर उचलावी तशी उघडी केली. एकशे तीसहून अधिक घरं उजेडात आली. ढवळीकरांनी पुढे ‘महाराष्ट्राची कुळकथा’ हे पुस्तक मराठीत लिहिलं, त्यामागे या घरांत घालवलेली ही वर्षं आहेत.

वस्ती साधारण इसवी सनापूर्वी 1600 ते 700 अशी नऊशे वर्षं नांदली. काळ कसा ठरवला? चुलीतला कोळसा. झाड जिवंत असताना हवेतून किरणोत्सारी कार्बन घेत राहतं. तोडलं की घेणं थांबतं आणि आत असलेला कार्बन ठरावीक गतीनं झिजत जातो, 5730 वर्षांत निम्मा. उरला किती ते मोजलं की झाड कधी तुटलं ते सांगता येतं. एखाद्या गृहिणीनं सांजवेळी विझवलेली चूल तीन हजार वर्षांनी पंचांगाचं काम करते.

या नऊशे वर्षांचे तीन टप्पे पडतात, त्यांतल्या मधल्या टप्प्यापासून सुरुवात करू. इसवी सनापूर्वी 1400 ते 1000, म्हणजे सुरुवातीचा जोर्वे काळ. घरं चौकोनी, साधारण पाच मीटर लांब आणि तीन मीटर रुंद. खाली मातीची बुटकी भिंत, त्यावर कुडाचा लेप, वर गवताचं उतरतं छप्पर. घरं ओळीनं, दोन घरांमध्ये दीडेक मीटरचं बोळ. आत कुडाचाच आडोसा करून दोन भाग पाडलेले. जमीन सारवलेली. एका कोपऱ्यात खळगा, त्यात राख. शेजारी धान्याची सोय. ही सोय ओळखायला संशोधकांना गावातल्या शेतकऱ्यांच्या घरात डोकवावं लागलं. उत्खननात मातीचे गोल ओटे निघत होते आणि ते कशासाठी ते कळत नव्हतं. तशाच ओट्यावर आजही खेड्यात कणगी ठेवतात, ओल आणि घूस लागू नये म्हणून. काही घरांत जमिनीत चुन्यानं लिंपलेले खड्डे होते. आपल्याकडे बळद आणि पेव हे शब्द ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना ते सांगावं लागणार नाही. ज्याच्या आजीनं बळदात उतरून ज्वारी काढली आहे, तो या घरात दोन मिनिटांत रुळेल.

ज्वारी मात्र त्याला मिळणार नाही. ज्वारीचं मूळ आफ्रिकेत, आणि या लोकांचा भरवसा होता सातूवर. बरोबर गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ. बोरं होती, त्यांच्या आठळ्या सापडल्या. हे कळतं कसं? चुलीशेजारची राख पाण्यात ढवळली की जळलेले दाणे हलके असल्यामुळे वर तरंगतात. ते गाळून, वाळवून, सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायचे. जळलेला दाणा कुजत नाही. म्हणजे ज्या दिवशी घरात कुणाचं लक्ष चुकलं आणि धान्य करपलं, त्याच दिवसाची नोंद आपल्यापर्यंत पोचते. नीट शिजलेलं अन्न इतिहासात राहत नाही.

पण घोड नदीच्या कोरड्या खोऱ्यात गहू पिकायला नुसता पाऊस पुरत नाही. त्यावरचं उत्तर वस्तीच्या कडेला मिळालं. सुमारे चार मीटर रुंद आणि साडेतीन मीटर खोल असा चर आणि त्याच्या बाजूनं दगडमातीचा बंधारा. नदीचं पुराचं पाणी वळवून घ्यायचं आणि वस्ती वाचवायची, अशी ही योजना असावी असं ढवळीकरांनी मांडलं. चर कुणी एकट्यानं खणला नाही. माणसं गोळा करून, कामाच्या पाळ्या लावून हे केलं असणार, आणि पाळ्या लावायला कुणीतरी होतं. वस्तीच्या मधोमध पाच खोल्यांचं एक घर निघालं, बाकीच्यांपेक्षा मोठं, आणि त्याला लागून धान्याचं कोठार. धान्य तिथे गोळा होई आणि तिथून वाटलं जाई, असा कयास आहे. पश्चिमेच्या कडेला कारागीर राहत: कुंभार, सोनार, मणी घडवणारा, हस्तिदंत कोरणारा, चुना भाजणारा. म्हणजे कोण मध्यावर आणि कोण कडेला, हा हिशेब तेव्हाही होता. त्यावरून तीन हजार वर्षांपूर्वीची गावकी सरळ आजच्या गावकीला जोडायचा मोह होतो. तो आवरावा. कुंभार कडेला राहतो याचं एक साधं कारण धूर हेही आहे.

तांबं होतं, पण थोडं. दख्खनच्या काळ्या पाषाणात तांब्याची खाण नाही, ते दूरवरून यायचं. म्हणून रोजची कापाकापी दगडाच्या पात्यांनी होई. नदीपात्रात सापडणाऱ्या गुळगुळीत, अर्धपारदर्शक गारांचे लांब सरळ छिलके काढायचे आणि लाकडात ओळीनं बसवायचे, की झाला विळा. गोदावरीच्या पात्रात अशा गारा अजूनही पायाखाली येतात. जिथे वाळू शिल्लक आहे तिथे.

आता मृतांकडे वळू, कारण जिवंतांबद्दल सगळ्यात जास्त तेच सांगतात. या लोकांनी आपली माणसं घराबाहेर नेली नाहीत. ती घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात पुरली. लहान मूल गेलं तर दोन मडकी घ्यायची, मूल आत ठेवायचं, मडक्याला मडकं तोंडाला तोंड लावून आडवं पुरायचं. पुरलेल्यांत मुलं खूप आहेत. नेवाशाच्या उत्खननात तर एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ तशीच होती. मोठ्या माणसाला उत्तरेकडे डोकं करून आडवं निजवत, आणि घोट्यापासून पावलं तोडलेली असत. का? मृतानं परत फिरू नये, घरच्याच वास्तूत राहावं, अशी समजूत असावी, हे एक स्पष्टीकरण. आपल्याकडे भुताचे पाय उलटे असतात असं सांगत मुलांना निजवतात. मी या दोहोंमध्ये दोरा ओवणार नाही, पण पावलांशी काहीतरी भय जोडलेलं होतं एवढं खरं.

पाच खोल्यांच्या त्या घराच्या अंगणात मात्र वेगळंच सापडलं. चार पायांचा, न भाजलेल्या मातीचा मोठा रांजण, आणि त्यात मांडी घालून बसवलेला चाळिशीचा पुरुष. त्याची पावलं शाबूत. सोबत एक भांडं, त्यावर वल्ह्यांच्या नावेचं चित्र. जिथे सगळ्यांची पावलं तोडायची तिथे एकाची ठेवली जातात, म्हणजे तो वेगळा होता. गावाचा प्रमुख, असं बहुतेकांचं मत. घोड नदीकाठच्या माणसाबरोबर नाव का, हे मला अजून सुटत नाही.

एका घराच्या जमिनीखाली मातीचा झाकणाचा डबा पुरलेला होता. आत डोकं नसलेली स्त्रीमूर्ती, कच्च्या मातीची. झाकणावर डोकं असलेली दुसरी स्त्री आणि एक बैल. बिनडोक्याच्या मूर्तीला खाली आणि बैलाच्या पाठीला छिद्र, काडी घातली तर देवी बैलावर बसावी असं. माहूरला रेणुकेचं नुसतं मुख पुजतात, इनामगावला नुसतं धड. तीन हजार वर्षांचं अंतर एका वाक्यात ओलांडू नये हे मला कळतं. तरी डबा पाहिला की घरच्या देव्हाऱ्यातला टाक आठवतो.

इसवी सनापूर्वी 1000च्या सुमाराला काहीतरी बिघडलं. गोदावरी आणि प्रवरेच्या खोऱ्यांतल्या बहुतेक वस्त्या ओस पडल्या. दायमाबाद संपलं. भीमेच्या खोऱ्यात, इनामगावात, लोक टिकून राहिले, पण घर बदललं. चौकोनी घर गेलं आणि गोल झोपडी आली. लहान, काहीशी जमिनीत उतरलेली. तीन-चार झोपड्यांचा घोळका, मधे एक अंगण, चूल अंगणात. भांडी जाडीभरडी झाली. पाण्यात तरंगलेल्या दाण्यांत गहू जवळजवळ नाहीसा झाला, सातूही घटला. हाडांच्या ढिगात हरणांसारख्या शिकारीचा वाटा वाढला, शेळ्या-मेंढ्यांचाही. ढवळीकरांचा निष्कर्ष सरळ होता: पाऊस हटला, शेती बसली, माणसं अर्धी गुराखी आणि अर्धी शिकारी झाली.

मुलांच्या हाडांनीही साक्ष दिली. अमेरिकेतल्या मानवशास्त्रज्ञ ग्वेन रॉबिन्स शुग यांनी नेवासा, दायमाबाद आणि इनामगाव इथल्या मुलांचे सांगाडे तपासले. 2011 साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात शेवटच्या टप्प्यातल्या मुलांची वाढ खुंटल्याचं त्यांनी दाखवलं. मुलाचं हाड हे वर्षांच्या जमाखर्चाची वही असते. ज्या वर्षी पोट भरलं नाही त्या वर्षी हाड लांबत नाही. माणसं तगली, पण तगण्याची किंमत मुलांनी दिली.

सगळे अभ्यासक हे चित्र तसंच्या तसं मानत नाहीत. काहींना वाटतं, गोल झोपडी म्हणजे लगेच दारिद्र्य असं समजू नये. वर्षातले काही महिने जनावरांमागे फिरायचं असेल तर हलकं घर शहाणपणाचं. फिरतं जगणं हा हरल्याचा पुरावा असेलच असं नाही, तो एक डावही असू शकतो. मला हा आक्षेप निम्मा पटतो. डाव असेल, पण कोरड्या वर्षानं पत्ते वाटल्यावर खेळलेला.

इथे बीडचा माणूस गप्प बसू शकत नाही. दसरा-दिवाळी झाली की आमच्या गावांतून कोयते निघतात. कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे, ऊस तोडणारं नवरा-बायकोचं जोडपं. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. ट्रकात, ट्रॅक्टरच्या गाडीत भांडी, पोरं, शेळी, कोंबड्या चढतात. कुठे जातात? प्रवरेच्या काठी, घोड नदीच्या काठी, भीमेच्या काठी, जिथे धरणांनी आता बारमाही पाणी दिलं आहे. म्हणजे जवळपास त्याच खोऱ्यांत, त्याच टेकाडांच्या आसपास. तिथे फडाजवळ किंवा कारखान्याच्या बाजूला कोप्या उभ्या राहतात. बांबूच्या कामट्या, उसाचं पाचट, वरून ताडपत्री किंवा प्लास्टिकचा कागद. आत वाकून जावं लागतं. चूल बाहेर. चार-सहा कोप्यांचा घोळका, मधे मोकळी जागा, तिथे पोरं.

मागे गावात याच माणसांचं घर आहे. चौकोनी. पत्र्याचं असेल, अर्धं बांधलेलं असेल, पण चौकोनी आहे, त्याला ओटा आहे, आत देवाचा कोनाडा आहे. ते सहा महिने कुलूपबंद असतं, नाहीतर म्हातारी माणसं ते राखत बसतात. एकाच वर्षात एकच कुटुंब चौकोनी घरात आणि कोपीत राहतं. इनामगावचे दोन थर आमच्याकडे एका कॅलेंडरवर मावतात.

तीन हजार वर्षांनी कुणी खणलं तर त्याला यातलं काय दिसेल? बीडमधलं चौकोनी घर दिसेल: पाया, चुलीची राख, काचेच्या बांगड्या, स्टीलचा एखादा डबा. तो लिहील, इथे एक कुटुंब कायम राहत होतं. कोपी त्याला बहुधा दिसणार नाही. कामट्या उपसून नेतात. पाचट पेटवून देतात. शेवटच्या फेरीचा ट्रॅक्टर गेल्यावर जमीन मालकाची, तो मार्च-एप्रिलात तिथे नांगर घालतो. नांगराच्या फाळाला तीन काळवंडलेले दगड लागतात. ते तो बांधावर फेकतो, पुढच्या दिवाळीनंतर येणाऱ्या कुणाला तरी चुलीला लागतील म्हणून.